‘प्यायलाय’ म्हणण्याआधी मान तपासा

गाडीवरून पडलेल्या पोराला नुसतं खरचटलंय म्हणून आपण हळद लावतो, गोळी देतो, झोपवतो. दोन दिवसांनी तोच पोरगा झोकांड्या देत उठतो, त्याची जीभ अडखळते, आणि पहिला प्रश्न येतो, “किती प्यायलास?” हा प्रश्न आम्ही घरात ऐकला आहे आणि दवाखान्यातही. पत्ता वस्तीचा असला की जरा लवकरच येतो.

मेंदूकडे रक्त नेणाऱ्या चार मोठ्या वाहिन्या मानेतून जातात. दोन पुढून, दोन मणक्यांमधून. मानेला जोराचा हिसका बसला तर वाहिनीच्या आतल्या अस्तराला चीर पडू शकते. तिथे रक्ताची गुठळी होते, ती सुटून मेंदूत अडकली की लकवा. यात काही तास जातात, कधी काही दिवस. म्हणून पडण्याशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही. सलूनमध्ये कडकन मान मोडून घेतल्यानेही असं झालेलं आहे. आणि गळा दाबल्यानेही. नवऱ्याने गळा दाबला हे बाई सांगत नाही, लायसन नसलेला पोरगा पडल्याचं सांगत नाही, मारामारी झाली तर पोलीस केसच्या भीतीने घरचेच गप्प बसतात. डॉक्टरला मग कळणार कसं?

पण सगळा दोष आपल्यावर घ्यायला आम्ही तयार नाही. डोक्याचा साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला की तरुण पेशंटला घरी पाठवतात. साध्या स्कॅनमध्ये लकवा सुरुवातीला दिसेलच असं नाही, आणि मानेतल्या वाहिनीची चीर तर त्यात कळत नाही. त्यासाठी मानेची सीटी अँजिओग्राफी किंवा एमआर अँजिओग्राफी लागते. पडलेल्या प्रत्येकाला ती नको. पण मान किंवा डोकं एका बाजूने कधी नव्हे असं दुखतंय, एक पापणी उतरून बाहुली बारीक झालीय, तोंड वाकडं झालंय, हातातून भांडं निसटतंय, तोल जातोय, तर विचारायचंच: “डॉक्टर, मानेच्या रक्तवाहिन्या बघितल्या का?” वय पंचवीस आहे म्हणून लकवा नसेल, हे उत्तर ऐकून घेऊ नये.

तोंड, हात, बोलणं किंवा तोल बिघडला की १०८ ला फोन करा. त्रास किती वाजता सुरू झाला ते लिहून ठेवा; गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. घरची रक्त पातळ करायची गोळी मात्र देऊ नका, आत रक्तस्राव झालेला असू शकतो.