पाटी काढली म्हणून चोर फिरकत नाही?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. घरच्या वायफायचं नाव लपवून 'आता आम्ही सुरक्षित' म्हणणाऱ्या तमाम सुशिक्षितांशी! आमच्या मिहानमध्ये आयटीतली पोरं पुष्कळ, त्यामुळे असे सल्लेही पुष्कळ.

भीती खोटी नाही. २६ जुलै २००८ ला अहमदाबादच्या बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटं आधी जो ईमेल गेला, तो नव्या मुंबईत सानपाड्याच्या एका घरातलं उघडं वायफाय वापरून धाडलेला होता. घरातल्या माणसामागे फुकट चौकशीचा ससेमिरा लागला. पण यातून धडा काय घ्यायचा? वायफायला पासवर्ड लावा, हा. नाव लपवा, हा नव्हे!

राऊटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपली हाळी देत असतो. नाव लपवलं तरी हाळी चालूच राहते, फक्त त्यातली नावाची जागा रिकामी. शेजाऱ्याला यादीत नाव दिसत नाही, एवढाच काय तो फायदा. फोन किंवा लॅपटॉप जोडला जाताना ते नाव हवेत उघडंच बोलतो, आणि ते ऐकायला फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं.

मास्तरकीच्या भाषेत सांगतो. लपलेला राऊटर म्हणजे नाव पुकारल्याशिवाय 'हजर' न म्हणणारा पोरगा. मग लॅपटॉपला हजेरी घेत फिरावं लागतं. तुम्ही वर्धा रोडवर चहा प्या की विमानतळावर बसा, तो आपला घरच्या वायफायचं नाव पुकारतोय! लपवायला गेलात आणि गावभर दवंडी पिटलीत.

यात नाहक बदनाम होतं ते लिनक्स. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवली. विंडोज ११ न पेलणाऱ्या धडधाकट लॅपटॉपवर लिनक्स घालून घेणं हा आमच्यासारख्या पेन्शनरांना परवडणारा मार्ग. पण नाव दिसत होतं तेव्हा जोडणी साठवलेली असते आणि मग चिरंजीव येऊन नाव लपवून जातात. लिनक्सला कोणी सांगितलेलंच नसतं की हे नाव आता पुकारावं लागेल. ते पुकारत नाही, वायफाय आपोआप जोडलं जात नाही, आणि आजोबा म्हणतात, 'लिनक्स भिकार आहे बाप्पा!' चांगलं यंत्र भंगारात जातं.

नाव लपवायचंच असेल तर साठवलेली जुनी जोडणी पुसा. नेटवर्कच्या यादीतून 'हिडन नेटवर्क' निवडून नाव नव्याने टाका. स्पेलिंग, लहान-मोठी अक्षरं अगदी तंतोतंत. 'आपोआप जोडा' या खुणेवर टिक आहे ना, तेही बघा. बहुतेक वेळा एवढ्यावर काम भागतं.

पण माझं ऐकाल तर नाव उघडं ठेवा. फक्त त्यात आडनाव आणि फ्लॅट नंबर घालू नका. डब्ल्यूपीए-३, नाहीतर निदान डब्ल्यूपीए-२ लावा आणि लांबलचक पासवर्ड ठेवा. दाराची पाटी काढून कुलूप होत नाही, आणि पाटी नसली की घरच्याच म्हाताऱ्याला घर सापडत नाही. सुट्टीत घरी येणाऱ्या भाचे-पुतण्यांनो, राऊटरला हात लावण्याआधी एवढं वाचा!