हळद्या पंपाने जात नाही

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या की आपण तडक दुकान गाठतो. दुकानदार देईल ते मारतो. पैसे जातात, हळद्या राहतोच. कारण हा रोग विषाणूचा आहे. रोगट झाड बरे करणारे औषध आजही कुठल्याच दुकानात नाही.

मुंबई इलाख्यात या रोगाची पहिली नोंद १९२४ सालची. तो पसरवते पांढरी माशी. रोगट पानाचा रस शोषून ती निरोगी झाडावर बसली की विषाणू तिथे पोचला. परभणीच्या कृषी विद्यापीठाने १९८५ साली रानटी जातीशी संकर करून ‘परभणी क्रांती’ हा वाण दिला. त्याने आधार दिला खरा, पण पुढे त्यावरही हळद्या दिसू लागला. म्हणून नुसत्या वाणाच्या भरवशावर राहू नका.

पहिले पिवळे झाड दिसताच उपटून पुरा. चार भेंड्यांचा मोह नको. पिवळे चिकट सापळे लावा. ५ किलो निंबोळी कुटून रात्रभर भिजवा, गाळून १०० लिटर पाणी करा आणि पानाच्या खालच्या बाजूला फवारा. माशी तिथेच असते. एकच कीटकनाशक पुन्हा पुन्हा मारलेत तर माशी त्याला दाद देत नाही.

आणि माशीला बांध कळत नाही! तुम्ही झाडे उपटलीत, शेजाऱ्याने ठेवली, तर मेहनत पाण्यात. सरपंचांनी पेरणीआधी बैठक घ्यावी, पडीक जागेतले तण काढून घ्यावे. आठवड्याचा एक वार ठरवून सगळ्यांनी एकदमच आपापले रान तपासावे.