चकचकीत कागदावरची मुलगी आणि आपली मुलगी

मुलगी आठवी-नववीत गेली की आरशापुढे तिचा वेळ वाढतो. त्यात वावगे काही नाही, ते वयच तसे असते. पण त्याच वयात ती "मी काळी आहे", "मी जाड आहे" असे म्हणू लागली आणि ताटातली अर्धी भाकरी परत दुरडीत ठेवू लागली, तर आई-वडिलांनी सावध व्हावे. हा विचार तिच्या मनात आपोआप उगवलेला नसतो. तो कोणीतरी पेरलेला असतो.

ही पेरणी जुनी आहे. किशोरवयीन मुलींसाठी 'सेव्हन्टीन' हे मासिक अमेरिकेत १९४४ साली निघाले. आपल्या देशात 'फेमिना' १९५९ साली सुरू झाले. ही इंग्रजी मासिके विकत घेणारे घर बारामती-इंदापूरच्या आपल्या वस्त्यांत विरळाच. पण त्यांतला साचा सिनेमाच्या मासिकांत, वर्तमानपत्रांच्या रंगीत पुरवण्यांत आणि टीव्हीवर उतरला. १९९४ साली सुश्मिता सेन विश्वसुंदरी आणि ऐश्वर्या राय जगत्सुंदरी झाली, तेव्हा तर गावोगावच्या मुलींपुढे एकच चेहरा ठेवला गेला. आज तोच साचा मोबाइलमध्ये आहे. मासिक महिन्यातून एकदा यायचे, मोबाइल उशाशीच असतो. इन्स्टाग्राममुळे अनेक मुलींच्या मनातला स्वतःच्या शरीराविषयीचा न्यूनगंड वाढतो, असे त्या कंपनीच्याच अंतर्गत पाहणीत आढळले होते. २०२१ साली ती कागदपत्रे जगापुढे आली.

या धंद्याचे गणित समजून घेतले पाहिजे. असल्या मासिकाची मोठी कमाई अंकाच्या किमतीवर नसते, ती जाहिरातींवर असते. जाहिरातदाराला समाधानी मुलगी उपयोगाची नाही. जिला स्वतःत खोट दिसते, तीच क्रीम विकत घेते. म्हणून आधी खोट दाखवायची आणि पुढच्या पानावर तिचे औषध विकायचे. भिगवणजवळ भादलवाडीला कागदाचा मोठा कारखाना आहे. मासिकांना लागतो तसला गुळगुळीत कागद तिथे बनत आला आहे. म्हणजे कागद आपल्या इंदापूर तालुक्यातला! पण बारामतीच्या टेक्स्टाइल पार्कमध्ये शिलाई मशीनवर बसणाऱ्या आईची किंवा द्राक्षबागेत रोजाने जाणाऱ्या बापाची लेक अशा कागदावर किती वेळा दिसते?

आपल्या मुलींना हा घाव दुहेरी बसतो. आपल्या समाजव्यवस्थेत रंगाचा प्रश्न नुसत्या रंगाचा नसतो. "तू त्यांच्यातली वाटत नाहीस हो," असे कौतुकाच्या सुरात म्हणणारे भेटतात. त्या एका वाक्यात जात लपलेली असते. 'फेअर अँड लव्हली' १९७५ साली बाजारात आली. २०२० साली तिचे नाव बदलून 'ग्लो अँड लव्हली' केले. नाव बदलायला ४५ वर्षे लागली. पण स्थळ पाहताना "मुलगी रंगाने कशी आहे?" हा प्रश्न आपल्याही घरांतून अजून गेलेला नाही. मग दोष एकट्या मासिकाला कसा द्यायचा?

नुकसान मनापुरते राहत नाही. गोरे होण्यासाठी मुली मैत्रिणीच्या सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून ट्यूब आणतात. त्यांतल्या काहींत स्टिरॉइड असते. आठ दिवस चेहरा उजळतो, पुढे कातडी पातळ होते, मुरमे येतात, उन्हात आग होते. २०१८ साली केंद्र सरकारने अशी १४ स्टिरॉइडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला. दुसरे, सडपातळ होण्यासाठी उपाशी राहणे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींपैकी ५९ जणींच्या अंगात रक्त कमी आहे. अशा मुलीने जेवण सोडणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

म्हणून नटणे वाईट, असे कोणी समजू नये. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नीट नेसायला सांगितले. जातीची खूण ठरलेले जड दागिने टाकायला सांगितले आणि मुलींना शिकवायलाही सांगितले. तो पेहराव ताठ मानेने उभे राहण्यासाठी होता. मुलीची मान खाली घालून तिच्याकडून पैसे काढणारी फॅशन वेगळी.

मासिक हिसकावून फाडणे हाही उपाय नव्हे. पाळी कशी येते, अंगात बदल का होतात, एखादा मुलगा मागे लागला तर काय करावे, हे आईने सांगितले नाही तर मुलगी ते कुठेतरी शोधणारच. आपण गप्प बसतो, ती जागा मासिक घेते.

शिवाय छापील कागदाने आपल्या बायकांना वाचाही दिली आहे. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. बारामतीहून नीरा ओलांडली की फलटण. तिथल्या बेबीताई कांबळे आपल्या किराणा दुकानात पुड्या बांधायला आणलेली रद्दी वाचत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. त्यांचे 'जिणं आमुचं' आधी 'स्त्री' मासिकातून आले आणि १९८६ साली पुस्तक झाले. आणि २०१२ साली अमेरिकेत ज्यूलिया ब्लूम या चौदा वर्षांच्या मुलीने 'सेव्हन्टीन'लाच जाब विचारला. मुलींचे फोटो संगणकावर बदलू नका, या तिच्या मागणीवर ८० हजारांहून अधिक सह्या झाल्या. मुलींचे शरीर आणि चेहऱ्याची ठेवण बदलणार नाही, असे वचन मासिकाला छापावे लागले. मुक्ताही चौदा वर्षांची, ज्यूलियाही चौदा वर्षांची. आपली मुलगीही त्याच वयाची आहे.

तेव्हा आयांनो, मुलीच्या हातातले पान किंवा मोबाइल तिच्याशेजारी बसून पाहा. तिला तीन प्रश्न विचारायला शिकवा : हे कोण विकते आहे? यात माझ्यासारखी मुलगी कुठे आहे? हे वाचून मला बळ आले की लाज वाटली? वाचता येत नसेल तर तिच्याकडून वाचून घ्या. पाळीविषयी बोलायला लाजू नका. वडिलांनीही तिच्या रंगावरून गमतीनेसुद्धा बोलू नये. आणि विहाराच्या भिंतीवर एक फळा मुलींच्या हवाली करा. दर रविवारी त्यावर त्यांनी स्वतः लिहिलेले लावू द्या. जी मुलगी स्वतः लिहू लागते, तिला दुसऱ्याने लिहिलेले तपासून घेता येते.