परवडणारा सूर्यास्त

शाळांच्या परीक्षा संपत आल्या, की घरोघरी सहलीच्या याद्या तयार होऊ लागतात. गाडीचे आरक्षण, राहण्याची सोय, आजी-आजोबांची औषधे, मुलांचे हट्ट असे सारे त्या यादीत येते. आणि ठिकाण नदीकाठचे वा समुद्रकाठचे असेल, तर तळाशी एक नोंद हमखास असते : ‘संध्याकाळी बोटीतून सूर्यास्त’. सहलीच्या एकूण खर्चात ही रक्कम लहान असते, म्हणून तिच्यावर फारसा विचार होत नाही. रेल्वेचे तिकीट आपण महिना-दोन महिने आधी पारखून काढतो. बोटीचे मात्र धक्क्यावर भेटलेल्या पहिल्या माणसाकडून घेतो. माझ्या मते या नोंदीकडे अधिक गांभीर्याने पाहिले पाहिजे. तिच्यात पैसा थोडा गुंतलेला असतो, परंतु घरातली माणसे मात्र सगळी गुंतलेली असतात.

‘स्वस्त’ आणि ‘परवडणारे’ हे दोन शब्द आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. स्वस्त हा वस्तूचा गुण आहे. परवडणे हा आपल्या आणि त्या वस्तूच्या नात्याचा हिशेब आहे. दोनशे रुपयांचे तिकीट स्वस्त खरे. पण त्या बोटीत आजींना तासभर उभे राहावे लागणार असेल, लहान मुलाच्या मापाचे जीवरक्षक जॅकेट नसेल आणि कर्णकर्कश संगीतात एकमेकांशी बोलताही येणार नसेल, तर ती सफर परवडली असे कोण म्हणेल? उलट, कधी कधी एक पैसाही न देता मिळालेला सूर्यास्त जन्मभर पुरतो. याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे.

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत आम्ही सहाजण पणजीला गेलो होतो. आम्ही दोघे, दोन मुले, माझी आई आणि धाकटी मेहुणी. मांडवीतल्या संध्याकाळच्या जलसफरीसाठी प्रत्येकी पाचशेप्रमाणे तीन हजार रुपये सकाळीच एका दलालाकडे भरले होते. साडेपाचची फेरी पावणेसहा झाले तरी सुटेना. ‘आणखी दोन ग्रुप येतायत’ एवढेच उत्तर मिळत होते. वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या कधीच भरल्या होत्या, लोक कठड्याला टेकून उभे होते. जॅकेटे कुठे आहेत असे विचारले, तेव्हा खलाशाने एका बंद पेटीकडे हात केला.

माझे मन त्या तीन हजारांत अडकले होते. ‘एवढे भरलेत, आता तासाभराचाच तर प्रश्न आहे,’ असे मी पुटपुटलो. पत्नी म्हणाली, ‘अहो, मुले सारखी कठड्याकडे धावतायत. मला काही हे बरे दिसत नाही.’ तेवढ्यात आई शांतपणे फळीवरून मागे वळली आणि म्हणाली, ‘अरे, पैसे गेले तर पुन्हा मिळवशील. चल खाली.’ आम्ही उतरलो. पैसे परत मिळाले नाहीत.

मुलांचे चेहरे पडले होते. त्यांची समजूत काढत चालत चालत आम्ही बेतीला जाणाऱ्या सरकारी फेरीबोटीच्या धक्क्यावर आलो. गोव्यातल्या या फेरीबोटींत पायी प्रवाशाला भाडे पडत नाही. १९८६ साली मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा दोन्ही तीरांचे दळणवळण याच बोटींनी तोलून धरले होते. कामावरून परतणारी माणसे, दुचाक्या, माशांची एक टोपली आणि आम्ही सहाजण अशी ती बोट निघाली. नदीच्या मुखाकडचे आकाश केशरी झाले होते आणि पाण्यावर तोच रंग हलत होता. पलीकडे उतरून त्याच बोटीच्या पुढच्या फेरीने आम्ही परत आलो. दोन्ही वेळा मिळून पाण्यावरची वीसेक मिनिटे झाली असतील. आज मुले मोठी झाली आहेत; गोव्याच्या त्या सहलीतले दुसरे काही त्यांना धड आठवत नाही, पण ती फेरीबोट आठवते.

हा प्रसंग सांगण्याचे कारण माझ्या आईचे शहाणपण मिरवणे हे नाही. कारण आहे ते माझ्या तोंडून निघालेले वाक्य : ‘एवढे भरलेत’. भरलेले पैसे वसूल झालेच पाहिजेत, ही आपल्या मध्यमवर्गीय मनाची जुनी सवय आहे. संसारात ती उपयोगी पडते. जेवणाचे ताट स्वच्छ होते, जुना पंखा आणखी पाच वर्षे चालतो. पण व्यवहाराचा साधा नियम असा की जी रक्कम परत येणार नाही, तिला पुढच्या निर्णयात स्थान देऊ नये. तोट्यातल्या धंद्यात केवळ आधी ओतले म्हणून आणखी ओतणाऱ्याला आपण शहाणा म्हणत नाही. मग गर्दीने वाकलेल्या बोटीत, केवळ आगाऊ पैसे भरले म्हणून मुलाबाळांसह चढणाऱ्याला काय म्हणावे?

हे लिहिताना दोन घटना डोळ्यांसमोर येतात. ७ मे २०२३ रोजी, रविवारच्या संध्याकाळी, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तानूर येथे सहलीची बोट उलटली आणि २२ जण मृत्युमुखी पडले. त्यांत अनेक लहान मुले होती. एकाच कुटुंबातली ११ माणसे होती. बोटीत क्षमतेपेक्षा अधिक लोक घेतले होते आणि अंधार पडल्यावरही फेरी चालू होती. त्याआधी, ३० सप्टेंबर २००९ रोजी, थेक्कडीच्या पेरियार जलाशयात पर्यटकांची बोट उलटून ४५ जणांचे प्राण गेले. काठावर वन्यप्राणी दिसताच प्रवासी एका बाजूला सरकले आणि बोटीचा तोल गेला, असे त्या वेळी सांगण्यात आले. या दोन्ही बोटींतली माणसे वादळात सापडलेली नव्हती. तुमच्याआमच्यासारखी सुटीवर आलेली होती.

थेक्कडीची गोष्ट सूर्यास्ताच्या सफरीला विशेष लागू पडते. सूर्य एकाच बाजूला मावळतो आणि छायाचित्र काढण्यासाठी सारी बोट त्याच बाजूला धावते. दुमजली बोटीत वरच्या मजल्यावरची गर्दी जितकी जास्त, तितका बोटीचा तोल नाजूक. म्हणून तिकीट काढण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा : प्रत्येकाला बसायला जागा आहे का? हा प्रश्न आरामाचा वाटतो, पण तो सुरक्षिततेचा आहे. मोजून खुर्च्या आणि मोजून माणसे असतील, तिथे बोट समतोल राहण्याची शक्यता अधिक असते.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या अंतर्देशीय जलयान अधिनियम, २०२१ नुसार नद्या व खाड्यांमधल्या यांत्रिक बोटींना नोंदणी, तपासणीचे प्रमाणपत्र आणि विमा आवश्यक आहे. प्रवासी संख्या किती, हे बोटीवर सहज दिसेल असे लिहिलेले असावे, अशी अपेक्षा ग्राहकाने बाळगण्यात काही गैर नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत घारापुरीकडे निघालेल्या बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसून जीवितहानी झाली, तेव्हा गेटवेवरून सुटणाऱ्या बोटींत जॅकेट घालण्याची सक्ती झाली. त्या बोटीची चूक नव्हती. तरी जॅकेट अंगावर असणे आणि पेटीत असणे यांतला फरक त्या दिवशी साऱ्यांना कळला. बुडताना पेटी उघडायला वेळ मिळत नाही.

आता थोडे सूर्याविषयी. ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, तो कुठे आणि किती वाजता मावळतो हे पाहण्याचा कंटाळा आपण का करतो, कोण जाणे. मुंबईचे बंदर शहराच्या पूर्वेला आहे. गेटवेहून बोटीत बसलात तर सूर्य समुद्रात बुडताना दिसणार नाही, तो इमारतींच्या मागे जाईल. ते दृश्यही देखणे असते, पण जाहिरातीतल्या चित्राप्रमाणे नव्हे. कोलकात्यात डिसेंबरात पाचच्या आतच सूर्यास्त होतो. साडेपाचची ‘सूर्यास्त सफर’ तिथे चंद्राचीच ठरेल. जूनअखेरीस मुंबईत मात्र सव्वासातनंतर दिवस मावळतो. आपल्या अक्षांशांवर संधिप्रकाश फार रेंगाळत नाही. वीस-पंचवीस मिनिटांत काळोख होतो. म्हणून सूर्यास्तापूर्वी पाऊण तास सुटून, उजेड आहे तोवर धक्क्याला लागणारी फेरी सर्वांत चांगली. तिच्यात दृश्यही पुरते मिळते आणि वृद्ध माणसांना उजेडात उतरता येते.

हे सारे पाहून झाल्यावर भाड्याकडे वळावे. इथे माझे मत स्पष्ट आहे : ज्या गावी रोजच्या वाहतुकीच्या सार्वजनिक बोटी आहेत, तिथे आधी त्यांचा विचार करावा. कोचीत एप्रिल २०२३ मध्ये सुरू झालेल्या जलमेट्रोच्या मोठ्या बोटींची क्षमता शंभर प्रवाशांची आहे. आरंभी किमान भाडे वीस रुपये होते. पुढे ही सेवा फोर्ट कोचीपर्यंत गेली, आणि तिथल्या किनाऱ्यावर चिनी जाळ्यांच्या पलीकडे सूर्य थेट समुद्रात उतरतो. आलप्पुळा ते कोट्टयम ही केरळच्या राज्य जलवाहतूक विभागाची बोट सुमारे अडीच तास कालव्यांतून आणि कायलांतून जाते. हाऊसबोटीच्या भाड्याच्या तुलनेत तिचे तिकीट नगण्य आहे. कोलकात्यात बाबूघाटावरून हावड्याकडे जाणारी फेरीबोट मावळतीच्या दिशेनेच निघते आणि १९४३ साली खुला झालेला हावडा पूल डोळ्यांसमोर असतो. या बोटींत गाणी नाहीत, अल्पोपाहार नाही. पण त्या गावचे खरे जीवन आहे. मुलांना गाव दाखवायचे, तर याहून चांगला वर्ग कोणता?

यावर कोणी म्हणेल, की सुटीत एखादा दिवस चैनीचा असू नये काय? अवश्य असावा. खासगी जलसफरींवर हजारो खलाशांचे, तांडेलांचे आणि कलावंतांचे पोट चालते, आणि चांगल्या सफरी चालवणारेही पुष्कळ आहेत. मांडवीतल्या सफरीत एखादे वेळी देखणी किंवा फुगडी पाहायला मिळते, ती फेरीबोटीत मिळणार नाही. ज्येष्ठांसाठी आधाराची खुर्ची, स्वच्छतागृह आणि हात धरून उतरवणारा माणूस हवा असेल, तर त्यासाठी चार पैसे अधिक देणे हा अपव्यय नव्हे. माझा आग्रह इतकाच, की आपण पैसे कशाचे देतो हे आपल्याला माहीत असावे. जॅकेट, खुर्ची, मोजकी माणसे आणि वेळेवर सुटणे यांचे पैसे आनंदाने द्यावेत. रोषणाई, कानठळ्या आणि ‘अमर्याद भोजन’ यांचे देताना मात्र थांबून विचार करावा. तासाभराच्या सफरीत आजोबा जेवणार तरी किती?

पैसे देण्याची रीतही सांभाळावी. शक्य तर बोट डोळ्यांनी पाहून, धक्क्यावरच्या अधिकृत खिडकीवर तिकीट घ्यावे. आगाऊ रक्कम द्यावीच लागली, तर ती थोडी द्यावी, पावती घ्यावी, आणि फेरी रद्द झाल्यास वा आपण न चढल्यास किती परत मिळेल हे लिहून घ्यावे. मी ते घेतले नव्हते, आणि त्याची किंमत मोजली. अनोळखी दुव्यावर जाऊन खात्यातून रक्कम पाठवणे तर टाळावेच. फसवणूक झाल्यास सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आणि सेवेतील तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे.

शेवटी एक सूचना. सहलीचा अंदाज मांडताना बोटीच्या रकान्यात भाड्याबरोबरच आणखी एक रक्कम मनाशी लिहून ठेवावी : ‘न चढल्यास सोडून द्यायचे पैसे’. ही रक्कम आधीच खर्ची टाकलेली असली, की धक्क्यावर निर्णय घेताना हात थरथरत नाही. गर्दी दिसली, आभाळ भरून आले, जॅकेट नाही म्हणाले, की सरळ मागे फिरावे. घाटावर किंवा किनाऱ्यावर एक जागा शोधावी, मुलांना दाण्यांच्या पुड्या द्याव्यात आणि पश्चिमेकडे तोंड करून बसावे.

त्या दिवशीचे तीन हजार रुपये माझ्या हिशेबाच्या वहीत बरीच वर्षे ‘तोटा’ म्हणून राहिले. एकदा वही चाळताना आईने ती नोंद वाचली आणि म्हणाली, ‘हा तोटा कसला रे? सगळे घरी आलो ना?’ मी ती नोंद खोडली नाही. तिच्यापुढे फक्त एक शब्द लिहिला : परवडले.