हरभऱ्याचे पीक आणि व्यापाऱ्याचे कर्तव्य

उळवीच्या रानात हरभरा होत नाही. जोयडा तालुक्याच्या त्या मुसळधार पावसाच्या मुलखात भातच पिकावयाचा. तथापि माघी पौर्णिमेच्या सुमारास चन्नबसवण्णांच्या समाधीच्या यात्रेला धारवाड, बेळगावकडील काळ्या जमिनीचे शेतकरी बैलगाड्या जुंपून येथे येतात, आणि नेमका त्याच दिवसांत त्यांच्याकडील हरभरा काढणीस आलेला किंवा खळ्यावर पडलेला असतो.

मागे एका यात्रेत अशाच एका वृद्ध शेतकऱ्यास आम्ही विचारले, "दरवर्षी घरचेच मिसळीचे बी का पेरता?" तो शांतपणे म्हणाला, "साहुकार, चाळून आणले काय नि न चाळता आणले काय, तुमच्या पेढीवर दर एकच. मग निवडून कोणासाठी पेरावे?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. चांगला व हलका माल एका ढिगात टाकून सरासरी भाव काढणे, यालाच आम्ही इतकी वर्षे व्यवहार समजत आलो होतो.

पीक वाढविण्याचे उपाय आता अज्ञात राहिलेले नाहीत. पहिला उपाय बियाण्याचा. विजय, दिग्विजय, जाकी ९२१८, जेजी ११ हे वाण मर रोगास दाद देत नाहीत. पेरणीपूर्वी किलोमागे ४ ते ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा चोळावा, त्यानंतर रायझोबियम लावावे. मर रोगाची बुरशी जमिनीत वर्षानुवर्षे टिकते. म्हणून त्याच रानात लागोपाठ हरभरा घेऊ नये. दोन ओळींत ३० व दोन रोपांत १० सेंटिमीटर अंतर राखल्यास एकरी सुमारे १ लक्ष ३५ हजार रोपे बसतात. त्यास मध्यम दाण्याचे २६ ते २८ किलो बी पुरते. कोरडवाहू पेरणी जमिनीतील ओल उडण्यापूर्वी उरकावी. पाण्याची सोय असल्यास फांद्या फुटताना एक व घाटे भरताना एक, अशा दोन पाळ्या पुष्कळ झाल्या. पाण्याचा लोभ भारी जमिनीत पिकाच्या मुळावरच येतो.

घाटेअळीचा प्रश्न आपणां जैनांस अधिक बोचणारा आहे. उद्योगी हिंसा गृहस्थास सर्वस्वी टळत नाही. परंतु यत्नाने ती कमी करता येते. रानात पक्ष्यांना बसावयास थांबे उभारणे, कामगंध सापळे लावून अळीचा अंदाज घेणे, प्रथम ५ टक्के निंबोळी अर्काचाच आश्रय करणे, यांनी जहाल विषाच्या फवारण्या घटतात आणि शेतकऱ्याचा पैसाही वाचतो.

कोणी म्हणेल, पीक वाढले की भाव पडेल, मग लाभ कोणाचा? भाव शेतकऱ्याच्या हाती कधीच नव्हता. मे २०२४ मध्ये केंद्र सरकारने देशी हरभऱ्यावरील आयात शुल्क उठविले आणि १ एप्रिल २०२५ पासून पुन्हा १० टक्के बसविले. यांपैकी एकही निर्णय त्यास विचारून झाला नाही. २०२५-२६ च्या हंगामास क्विंटलला ५,६५० रुपये हमीभाव ठरला होता, तोही ज्याचा माल प्रतीस उतरेल त्याच्याच कामाचा. एकरी उतारा, खर्च आणि मालाची प्रत एवढेच पुष्कळ अंशी त्याच्या हाती आहे. त्यांपैकी प्रतीचे मोल करणे मात्र आपल्या हाती आहे.

म्हणून आमची सूचना अशी: प्रत्येक पेढीने चाळलेल्या, वाळलेल्या व एकाच वाणाच्या मालास वेगळा ढीग आणि वेगळा दर द्यावा, व तो दर फलकावर लिहावा. पेरणीपूर्वी प्रमाणित बियाणे मूळ किमतीस उधार द्यावे. त्याची फेड मालाने घ्यावी, व्याजाने नव्हे. यात दानधर्म नाही. एकजात दाण्याची डाळ अधिक उतरते व गिरणीवाला त्याचे दोन पैसे जास्त मोजतो, हे आपण सर्वजण जाणतो. ते दोन पैसे आजवर आपल्याकडेच राहिले.

भगवान ऋषभदेवांनी लोकांस सहा कर्मे शिकविली असे आपण मानतो. त्यांत कृषी आहे आणि वाणिज्यही आहे. एकाने दुसऱ्यास खाऊन जगावे, असे त्यांत कोठेही नाही. पुढील माघात तो वृद्ध गाडी घेऊन आला, तर त्याच्या प्रश्नास उत्तर देता यावे, एवढीच आमची इच्छा आहे.