सरकारी आहे, टाका!

मोताळ्याहून समुद्र इतका लांब, की आमच्याकडच्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो कॅलेंडरवरच पाहिला. तरी आज लिहायचं आहे ते कांजूरमार्गच्या खाडीकाठावर. मलकापूरला बसलं की मुंबईची गाडी तिथूनच जाते. आपल्या भागातली कामाला गेलेली पोरं विक्रोळी-भांडुपकडे खोली करून राहतात आणि सांगतात, रात्री वारा फिरला की खिडकी लावून घ्यावी लागते.

मुंबईचा बराचसा कचरा कांजूरला जातो. जमीन ठाणे खाडीच्या कडेची, तिवरांची, म्हणजे खारफुटीची. २००८ मध्ये राज्य सरकारनंच ती संरक्षित वन म्हणून जाहीर केली. मग ३१ डिसेंबर २००९ ला, लोक वेगळ्याच तयारीत असताना, ११९.९१ हेक्टर त्यातून वगळली. का, तर म्हणे आधीची नोंद चुकून झाली होती! वनशक्ती ही संस्था कोर्टात गेली आणि २ मे २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयानं ते वगळणं रद्द केलं. निकाल पाळायला मुंबई पालिकेला तीन महिने दिले. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली. डंपर चालूच आहेत.

किनाऱ्यावर शहराचा कचरा टाकायला १९९१ च्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेनंच बंदी घातली होती. जिथे आधीपासून टाकला जात होता, तिथे तो तीन वर्षांच्या आत बंद करायचा होता. म्हणजे १९९४ पर्यंत. बेकायदा कचरा म्हटलं की आपल्याला रात्री दिवे विझवून येणारा टेम्पोवाला आठवतो. तो आहेच. पण सही-शिक्क्यानिशी टाकणाऱ्याला कोण पकडणार?

टेम्पोवाल्याची रीत मात्र पाहण्यासारखी आहे. पाडलेल्या इमारतीचा राडारोडा तिवरांच्या कडेला ओततात. तिवराची मुळं चिखलातून वर डोकं काढून श्वास घेतात; ती बुजली, भरतीचं पाणी अडलं, की कुऱ्हाड न लावता झाड वाळतं. मग वर मातीचा थर, मग पत्र्याचं शेड, मग गॅरेज. काही वर्षांनी पाहणीला आलेला माणूस लिहून जातो, इथे तिवरं नाहीत. १७ सप्टेंबर २०१८ ला मुंबई उच्च न्यायालयानं तिवरांचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला आणि भोवतीची पन्नास मीटर जागा मोकळी ठेवायला सांगितली. राडारोडा तरी पडतोच.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे तिवरं नाहीत, ई-क्लास आहे. वऱ्हाडातल्या बहुतेक गावांना ही गुरं चारायची जमीन असते, आणि नाल्याचा काठ असतो. घर पाडलं की जुनी माती, विटा कुठे? नाल्याकाठी. लग्नाच्या पत्रावळी, थर्माकोलच्या वाट्या कुठे? ई-क्लासवर. 'सरकारी आहे, टाका!' भर पडली की मुरूम येतो, मुरमावर टपरी येते, टपरीची घरपट्टी सुरू होते आणि निवडणुकीच्या तोंडावर अतिक्रमण नियमित करायची मागणी. नाला निम्मा राहतो. मग एखाद्या पावसात पाणी घरात शिरलं, की आपण आभाळाला नावं ठेवतो.

आपला समुद्राशी संबंध नाही असंही समजू नका. नळगंगा पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवला तापीला, आणि तापी सुरतेखाली समुद्रात जाते. वाटेत हतनूर आणि उकाईची धरणं बरंच अडवत असतील; म्हणजे आपली घाण आधी भुसावळकडच्या लोकांच्या वाट्याला.

कांजूरच्या लोकांना संस्था मिळाली, वकील मिळाले, वर्तमानपत्रं मिळाली. आमच्या ई-क्लाससाठी कोण कोर्टात जाणार? पण कागद आपल्याकडेही आहे. गावाच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढा, असं सर्वोच्च न्यायालयानं २८ जानेवारी २०११ ला सगळ्या राज्यांना सांगितलं. त्यावर महाराष्ट्राचा शासन निर्णय १२ जुलै २०११ चा आहे. येत्या ग्रामसभेला जाल तेव्हा तो निर्णय सोबत न्या आणि एवढंच विचारा: आपल्या गावाची ई-क्लास कागदावर किती एकर आहे, आणि जागेवर किती? मोजणी करा म्हणा. उत्तर इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.