उन्हाळ्याची खरेदी : आधी दुपट्टा

“डॉक्टरसाहेब, तुम्हीपण दुपट्टा बांधता?” पेशंट हसतात. हसू द्या. होळी झाली की मी दोन पांढरे सुती दुपट्टे घेतोच. अकोल्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, तेव्हा डोक्या-कानांवरचा ओला दुपट्टा कूलरचेच काम करतो; कोरड्या हवेत पाणी उडते आणि अंग थंडावते. जूनमध्ये हवा दमट झाली की ही युक्ती फारशी चालत नाही. तेव्हा आधी घट्ट जीन्स सोडा. जांघेत घाम साचून गजकर्ण होते आणि मनाने आणलेल्या स्टिरॉइडच्या मलमाने ते आणखी पसरते. कॉलेजची मुले हेच घेऊन येतात. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, तर मात्र दुपट्ट्यावर विसंबू नका. अंगावर पाणी मारत लगेच दवाखान्यात न्या.